शिकागोत न्यायाधीशांना मत देताना: मतदान केंद्रावरचा एक दिवस

२०१८ च्या नोव्हेंबरच्या इलेक्शनला मी शिकागोत मतदान केंद्रावर ड्युटी केली होती, त्याबद्दल लिहायचं कधीपासून मनात होतं. डेवन अव्हेन्यूच्या जवळचा भाग, आपले देशी लोक भरपूर, आणि कुक कौंटीत, म्हणजे शिकागोच्या जिल्ह्यात, कायद्यानेच हिंदीतून मतदानाची सोय करावी लागते, म्हणून हिंदी बोलणारी म्हणून मला घेतलेलं. इथे केंद्रावरच्या स्टाफला इलेक्शन जज म्हणतात, दिवसाचे पैसे मिळतात, पहाटे ५ ला हजर व्हायचं, ६ ला दार उघडायचं ते संध्याकाळी ७ पर्यंत, मग मशीन बंद करणं, सीलं, सह्या वगैरे.

त्या दिवशी सगळे आले होते गव्हर्नरसाठी, प्रिट्झकर का राउनर. पण मतपत्रिकेचा खरा मोठा भाग न्यायाधीशांचाच, आणि तो येतो शेवटी शेवटी, माणूस कंटाळल्यावर. इलिनॉयमध्ये, म्हणजे शिकागोच्या राज्यात, सर्किट कोर्टाचा (जिथे खटले पहिल्यांदा चालतात त्या कोर्टाचा) जज आधी पक्षाच्या तिकिटावर निवडून येतो आणि मग दर ६ वर्षांनी लोकांनाच विचारतात की ह्याला ठेवायचा का. तेव्हा समोर दुसरा उमेदवार नाही, पक्षाचं नाव नाही, नुसतं नाव आणि पुढे हो किंवा नाही. ६० टक्के हो मिळाले की खुर्ची शाबूत. त्या वर्षी अशी साठच्या आसपास नावं होती. खून, घटस्फोट, मुलांचा ताबा, घर खाली करायच्या केसेस, हे सगळं ज्यांच्या हातात त्यांची नावं, आणि रांगेतले निम्मे लोक ती न वाचताच कागद मशीनमध्ये सरकवतात, हे केंद्रावर उभं राहिलं की दिसतं.

दुपारी जरा गर्दी कमी झाल्यावर एक आजी आल्या. साताऱ्याकडच्या, मुलाकडे राहून सिटिझन झालेल्या, नऊवारी नाही पण व्यवस्थित इस्त्रीची साडी आणि वर जाडजूड जॅकेट. मी मराठी म्हटल्यावर एकदम खुलल्या. इंग्रजी वाचता येत नाही, हिंदी छापलेलंही बारीक दिसतं, म्हणून मदत मागितली. मदतीचा नियम असा की मतदाराने आधी प्रतिज्ञापत्रावर सही करायची आणि मग दोन वेगवेगळ्या पक्षांचे इलेक्शन जज बरोबर उभे राहायचे, म्हणजे एकट्याने कोणी काही फिरवू नये. माझ्याबरोबर रिपब्लिकन बाजूचे एक रिटायर्ड गृहस्थ होते, अतिशय शांत माणूस. मी वाचायचं, आजी सांगणार, मी खूण करायची, ते बघणार.

गव्हर्नर वगैरे पटापट झालं, आजी बातम्या बघणाऱ्या. मग जजांची यादी आली. मी नाव वाचायची आणि विचारायची, ह्यांना कुक कौंटीचे न्यायाधीश म्हणून ठेवायचं का, हो की नाही. सात-आठ नावं झाल्यावर आजींनी हात वर केला.

"अगं थांब. हा माणूस कसा आहे?"

"आजी, ते मला सांगता येत नाही."

"तुला माहीत नाही का सांगायचं नाही?"

"माहीत असलं तरी सांगता येत नाही, नियम आहे."

"मग कुणी सांगायचं? स्थळ न बघताच हो म्हणू का मी?"

गृहस्थांनी विचारलं काय म्हणतायत, मी सांगितलं. ते म्हणाले, त्यांना म्हणावं जिथे माहीत नाही तिथे कोरं सोडलं तरी चालतं, बाकी मत बाद होत नाही. आजींनी लगेच विचारलं, कोरं सोडलं तर ते कुणाच्या बाजूने मोजतात? इतका नेमका प्रश्न मला दिवसभरात दुसऱ्या कोणी विचारला नव्हता. उत्तर असं की कुणाच्याच नाही, त्या नावापुढे जेवढ्यांनी हो किंवा नाही म्हटलंय तेवढ्यांचेच ६० टक्के धरतात. त्या म्हणाल्या, म्हणजे जे शहाणपणाने गप्प बसले ते गेलेच हिशोबातून. मग यादी सगळी वाचायला लावली, एकही नाव गाळू दिलं नाही, आमचा भरपूर वेळ गेला, पण तो त्यांचा हक्क होता. कुठे काय सांगितलं ते मी लिहिणार नाही, ते त्यांचं गुपित.

जाताना म्हणाल्या, "आमच्याकडे जज परीक्षा देऊन होतो, इथे आम्हालाच परीक्षा." खरंच आहे, महाराष्ट्रात खालच्या कोर्टाचा जज एमपीएससीची परीक्षा देऊन येतो, लोक त्याला निवडतही नाहीत आणि काढतही नाहीत. मला इथली पद्धत वाईट वाटत नाही. ह्याच कुक कौंटीत १९८० च्या दशकातल्या ऑपरेशन ग्रेलॉर्ड ह्या एफबीआयच्या छुप्या तपासातून लाच खाणारे १५ जज दोषी ठरले होते, अशा ठिकाणी लोकांच्या हातात काहीतरी असायलाच हवं. पण माहिती नसेल तर लोक नावावर जातात. इथे आयरिश वाटणारं नाव, त्यातही बाईचं, जास्त चालतं असं वकील मंडळी उघड बोलतात, आणि त्याच इलेक्शनला एक वकील काही वर्षांपूर्वी नाव बदलून आयरिश नाव घेतलेला, तो जज म्हणून निवडून आला. इलेक्शन बोर्डाची चूक नाही, कायद्यात बसतं.

आणि माहिती पोचली की काय होतं तेही त्याच दिवशी झालं. मॅथ्यू कॉगलन नावाचे जज यादीत होते. ते सरकारी वकील असताना आपल्याला खोट्या खुनाच्या केसमध्ये अडकवलं असा दावा दोन माणसांनी लावला होता, दोघांनी वीस वर्षांच्या वर तुरुंगात काढलेली. वर्तमानपत्रांनी लिहिलं, संघटना दारोदार फिरल्या, शेवटी डेमोक्रॅटिक पक्षानेही पाठिंबा दिला नाही. आणि ते ६० टक्क्यांच्या खाली राहिले. १९९० नंतर कुक कौंटीत असा पहिलाच जज घरी गेला! मधल्या २८ वर्षांत सगळेच इतके चांगले होते असं मला वाटत नाही, कुणी बघितलंच नव्हतं.

वॉशिंग्टन आणि ऑरेगन राज्यांत मतदाराच्या घरी पुस्तिका येते, त्यात जजच्या उमेदवारांचीही माहिती असते. ती इथेही घरी यायला हवी, मोठ्या अक्षरात, हिंदीतही, आणि हे मी भेटेल त्याला सांगत असते. शिकागो बार असोसिएशन आणि वकिलांच्या इतर संस्था प्रत्येक जजचं रेटिंग काढतात, लायक का नाही आणि का, सगळं फुकट वाचायला मिळतं, पण आजींना कोण सांगणार.

म्हणून आता इलेक्शनच्या आधी, ड्युटीच्या बाहेर, ओळखीतल्या आजी-आजोबांना घेऊन बसते आणि रेटिंग मराठीतून वाचून दाखवते. कुणाला द्या हे सांगत नाही. कुणाला हो, कुणाला नाही ह्याची चिठ्ठी ज्याची त्याने लिहायची, बूथमध्ये स्वतःची चिठ्ठी नेता येते हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. साताऱ्याच्या आजीही येतात, आणि लायक म्हटलं की विचारतात, कुणी ठरवलं लायक, त्याच्याच कोर्टात उभे राहणारे वकील ना?