अदृश्य माणूस पडद्यावर कसा दाखवतात

एच. जी. वेल्सची ‘द इन्व्हिजिबल मॅन’ (१८९७) पडद्यावर आणताना बहुतेकांची गल्लत एकाच जागी होते. त्यांना अदृश्य होण्याची सोय दिसते, गैरसोय दिसत नाही. कादंबरी मात्र गैरसोयीवरच उभी आहे. तिचा अदृश्य नायक ग्रिफिन, त्याला ऐन जानेवारीत लंडनच्या रस्त्यांवर नागडं हिंडावं लागतं, अंगावर बर्फ पडला तर आकार उमटतो, खाल्लेलं अन्न अंगी लागेपर्यंत पोटात दिसत राहतं. पापण्याही पारदर्शक, त्यामुळे डोळे मिटूनही अंधार होत नाही. (असा डोळा प्रतिमाच धरू शकणार नाही, म्हणजे हा माणूस आंधळा असायला हवा, हा रशियन विज्ञानलेखक याकोव्ह पेरेलमान यांचा आक्षेप बिनतोड आहे.)

जेम्स व्हेलचा १९३३ चा चित्रपट आजही पाहावा तो जॉन फुल्टन यांच्या ट्रिक-फोटोग्राफीसाठी. रिकामे कपडे तारांवर नाचवून काही दृश्यं निभावली, पण कपडे माणसासारखे चालायचे तर आत माणूस हवाच. मग काळ्या मखमलीने मढवलेल्या सेटवर नटाला डोक्यापासून पायापर्यंत काळी मखमल चढवायची आणि वरून शर्ट-पँट. काळ्यावर काळं निगेटिव्हवर उमटत नाही, उरतात फक्त कपडे. ही प्रतिमा खऱ्या खोलीच्या चित्रावर नुसती दुहेरी छापली तर शर्टातून मागची भिंत दिसते. म्हणून कपड्यांच्या आकाराचा गडद मुखवटा, म्हणजे मॅट, वेगळ्या फिल्मवर तयार करून तेवढी जागा पार्श्वभूमीत आधी कोरी ठेवायची आणि मग तिथे कपडे छापायचे.

घोळ होतो तो बारकाव्यांत. नटाला दिसावं म्हणून डोक्यावरच्या मखमलीला ठेवलेली भोकं फिल्मवर उमटत. ती हाताने, फ्रेमगणिक रंगवून बुजवावी लागली. शिवाय रिकाम्या गळ्यातून कॉलरची मागची आतली बाजू दिसायला हवी, तर नेमकी तिथेच मखमलीतली मान आड येते. अदृश्य चेहऱ्यावर गुंडाळलेल्या पट्ट्या आरशासमोर सोडण्याच्या दृश्याला चार वेगवेगळी चित्रणं एकत्र करावी लागली, कारण पाठमोरा माणूस आणि त्याचं प्रतिबिंब दोन्ही पोकळ हवेत.

बर्फात आपोआप उमटणाऱ्या पावलांसाठी फळीत ठशांच्या आकाराची भोकं कापून, खालचा आधार काढून बर्फ खाली पाडला. युक्ती नामी, पण ठसे बुटांचे आहेत आणि ग्रिफिन तेव्हा नागडा आहे!

पटकथेतला बदल मला जास्त खटकतो. चित्रपटात ‘मोनोकेन’ नावाचं औषध त्याला वेडं करतं. वेल्सच्या ग्रिफिनला अशी पळवाट नाही. तो आधीपासूनच निर्दय आहे, बापाकडे असलेले दुसऱ्याचे पैसे चोरताना आणि बापाने आत्महत्या केल्यावरही. कथेशी इमान राखण्यात बीबीसीची १९८४ ची सहा भागांची मालिका सरस.

आपला ‘मिस्टर इंडिया’ (१९८७) वेल्सचं रूपांतर नव्हे. यंत्रामुळे कपडेही गायब होतात, म्हणजे थंडीची अडचणच मिटली. पण लाल प्रकाशात तो दिसतो, या एका अटीने गोष्टीत पुन्हा धोका आला. अशी अट नसेल तर अदृश्य नायक कंटाळवाणा होतो.

पॉल व्हर्होवेनच्या ‘हॉलो मॅन’मध्ये (२०००) शिरा, स्नायू, हाडं थराथराने नाहीशी होताना दिसतात. संगणक हाताशी असूनही केव्हिन बेकनला हिरवा, निळा किंवा काळा रंग फासून सेटवर उभं करावं लागलं, कारण धुरात, पाण्यात आकार उमटवायला खरं शरीर लागतं. पुढे कथा नेहमीच्या पाठलागात वाया जाते.

ली व्हॅनेलने २०२० च्या ‘द इन्व्हिजिबल मॅन’मध्ये रसायन काढून टाकलं आणि कॅमेऱ्यांनी भरलेला पोशाख आणला. डोळ्याचा आक्षेप आपोआप मिटला. त्याची सर्वांत स्वस्त युक्ती सर्वांत परिणामकारक आहे: कॅमेरा सावकाश वळून रिकाम्या कोपऱ्यावर थांबतो. झटापटीसाठी मात्र हिरव्या पोशाखातला स्टंटमन आणि तीच हालचाल तंतोतंत पुन्हा करणारा यांत्रिक कॅमेरा. एकदा स्टंटमनसह, एकदा रिकाम्या सेटवर चित्रण करायचं आणि दुसऱ्यातली भिंत पहिल्यातल्या माणसावर चढवायची.