आज्जीचा आवाज दीड सेकंद मागे

आत्याच्या लग्नाच्या तीन व्हिडिओ कॅसेटी. मे 1992. दादांनी त्या इतकी वर्षं लातूरच्या घरात कपाटाच्या वरच्या कप्प्यात, नऊवारीच्या जुन्या पातळात गुंडाळून ठेवल्या होत्या. आमचं जुनं गाव तेरणेच्या काठचं. दगडमातीच्या हातभर जाड भिंती, वर माळवद. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंपात ते घर बसलं आणि आज्जी त्यात गेली. तिचे दोन फोटो आहेत. आवाज मात्र या कॅसेटींतच.

खरं तर एकाच कॅसेटीत. त्या काळी व्हिडिओवाले मिक्सिंग करताना मूळ आवाज काढून वर सिनेमाची गाणी टाकायचे, तशी दोन कॅसेटींत नुसती गाणीच आहेत. तिसरी मिक्सिंगला गेलीच नव्हती, जशी शूट केली तशीच राहिली. तिच्यात घाणा भरतानाची बायकांची गाणी आहेत. जात्यापाशी आज्जी बसलीय आणि पुढची ओळ तीच उचलतेय.

कॅसेटी काँप्युटरवर उतरवायच्या ठरवल्या, पण त्या चालवायला व्हीसीआर मिळवायलाच दोन महिने गेले. जगातला शेवटचा मोठा उत्पादक फुनाई, त्यांनी 2016 च्या जुलैत व्हीसीआर बनवणं थांबवलं, तेव्हा आता जे आहे ते जुनंच. माझा व्हीसीआर औशाच्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांकडून आला. फितीवरचं चित्र वाचणारं हेड साफ करायला त्यांनीच शिकवलं. कानातल्या कापसाच्या काड्या चालत नाहीत, त्यांचे धागे हेडच्या टोकाला अडकतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला मऊ चामड्याचा तुकडा, हेड ज्यावर बसवलेली असतात त्या गोल ड्रमला नुसता टेकवून धरायचा, हात स्थिर ठेवायचा आणि ड्रम दुसऱ्या हातानं हळू फिरवायचा. वर-खाली घासलं तर हेड तुटतं. हा ड्रम आपल्याकडच्या मशीनमध्ये मिनिटाला 1500 फेरे घेतो, त्यावर चिकटलेला इवलासा कणही चित्राचा भुगा करतो.

व्हीसीआरचं चित्र आणि आवाज काँप्युटरमध्ये उतरवून (कॅप्चर करून) घ्यायला यूएसबीची कॅप्चर स्टिक घेतली. पहिल्याच दिवशी चित्र काळंपांढरं आणि वर सरकणारं. कॅसेटीचा रंग उडाला असं वाटून मी रडकुंडीला आले. कॅसेट चांगली होती, स्टिक एनटीएससीवर, म्हणजे अमेरिकेतल्या टीव्ही पद्धतीवर होती. आपला टीव्ही पॅल, 625 ओळींचा, सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे 25 चित्रं. सेटिंगमध्ये पॅल-बी निवडलं आणि हिरव्या चुड्यांसकट सगळा मांडव उभा राहिला. त्यानंतर मधेमधे पडदा निळा व्हायचा. सिग्नल जरा कमजोर झाला की व्हीसीआर स्वतःच निळं चित्र टाकतो. मेनूत ते बंद करता येतं, केलं. लॅपटॉपचा चार्जर लावला की चित्रात आडवा काळसर पट्टा चढायचा, म्हणून कॅप्चर करताना बॅटरीवरच चालवते. चित्राच्या अगदी खाली चारदोन ओळी फरफटलेल्या दिसतात त्या मात्र तशाच राहू द्या. व्हीसीआर एका हेडवरून दुसऱ्यावर जातो त्याची ती खूण, जुन्या टीव्हीच्या चौकटीत झाकली जायची.

खरी अडचण आवाजाची. सुरुवातीला सगळं जुळलेलं आणि 31 व्या मिनिटाला, नेमक्या घाण्याच्या गाण्यात, आज्जीचे ओठ मिटल्यावर तिचा आवाज येतो. एका ठिकाणी लाइट धरणाऱ्या पोरावर ती ओरडते, तिथं तर ती बोलून मान वळवते आणि मग शब्द ऐकू येतात. आत्याला दाखवलं. ती जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आगं, ही माय नाही वाटायली. कुणीतरी दुसरंच बोलायलंय." मला ते फार लागलं.

मी आधी आवाज दीड सेकंद पुढे ओढला. घाणा जुळला, पण आधीच्या हळदीत आवाज ओठांच्या पुढे धावायला लागला. म्हणजे चूक एकाच जागी नव्हती, हळूहळू साठत गेली होती. व्हर्च्युअलडब या प्रोग्रॅममध्ये कॅप्चर करताना गळालेल्या फ्रेमचा आकडा दिसतो. माझा 38 मिनिटांत 43 होता. 43 ला 25 नं भागा, पावणेदोन सेकंद येतात. चित्र तेवढं आखूड होत गेलं, आवाज पूर्ण लांबीचा राहिला, म्हणून मागे पडला.

मग मी लॅपटॉपच्या मागे लागले. यूएसबी पोर्ट बदललं, अँटिव्हायरस बंद केला, दुसरी हार्ड डिस्क लावली. आकडा हलेना. उपयोगी पडली ती एक साधी गोष्ट: तोच पाच मिनिटांचा तुकडा तीनदा कॅप्चर केला. काँप्युटर कमी पडत असता तर फ्रेम दर वेळी वेगळ्या ठिकाणी गळाल्या असत्या. माझ्या तिन्ही वेळा त्याच जागी गळत होत्या, जिथं चित्राचा वरचा भाग वाकतो. म्हणजे दोष फितीतून येणाऱ्या सिग्नलचा. फीत ताणली की ओळींची वेळ मागेपुढे होते. जुना टीव्ही ते सांभाळून घ्यायचा. स्टिकला ते जमत नाही, ती फ्रेमच सोडून देते.

यावरचं खरं यंत्र म्हणजे टाइम बेस करेक्टर. ते महाग. पण काही जुने डीव्हीडी रेकॉर्डर येणारी प्रत्येक फ्रेम आपल्या मेमरीत घेतात आणि नीट वेळेवर पुढे सोडतात. सगळे नाही, काहीच. बँकेतल्या एका सहकारी बाईंकडे असा एक पडून होता. व्हीसीआरची पिवळी वायर त्यात आणि त्यातून स्टिकला. त्यात रेकॉर्ड काहीच करायचं नाही, सिग्नल नुसता आतून जाऊ द्यायचा. लाल-पांढऱ्या वायरीही त्याच डब्यातून घ्यायच्या, नाहीतर चित्र थोडं उशिरा येतं. गळालेल्या फ्रेम: 1. वाकलेलं चित्रही सरळ झालं.

मूळ फाइल हफवाययूव्हीमध्ये, म्हणजे चित्रातलं काही न गाळणाऱ्या पद्धतीत, आणि इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींची) तशीच ठेवलीय. तासाला तीस-पस्तीस जीबी जागा खाते, खाऊ दे. घरच्यांसाठी त्यातूनच सेकंदाला 50 फ्रेमची छोटी फाइल काढली. आधी छोटी करून मूळ पुसू नका, एवढं कळकळीनं सांगते.

रविवारी आत्या आली. 31 व्या मिनिटाला आज्जी मान वळवून म्हणाली, "आरं लाइट तिकडं घे, लेकराच्या डोळ्यात यायलाय." ओठ आणि शब्द एकाच वेळी.

"हां," आत्या म्हणाली, "आता बोलली माय."

मग तिनं तो तुकडा परत लावायला सांगितला. आणि परत. चौथ्यांदा ती आज्जीकडं नाही, मागच्या कोनाड्याकडं बघत होती. तिथं पितळी कंदील होता. ते लेकरू म्हणजे मी. नऊ वर्षांची, जात्याच्या खुंट्याला धरून बसलेली.

उरलेल्या दोनपैकी एका कॅसेटीच्या खिडकीतून फितीवर पांढरी बुरशी दिसतेय. ती व्हीसीआरमध्ये घातलेली नाही. घातली तर बुरशी हेडला लागेल आणि तिथून चांगल्या कॅसेटींना. पाच स्क्रू काढून फीत दुसऱ्या खोक्यात घालायचीय, औशाचे काका सोबत बसतो म्हणालेत. पाऊस उघडू दे, हवा कोरडी होऊ दे.