धामण

रात्री पाहुणे यायचे होते, म्हणून दुपारी माळ्यावरची जादाची गादी काढायला स्टुलावर चढलो. गादी ओढली तशी तिच्यामागून काहीतरी घरंगळत आलं आणि माझ्या कपाळावर टेकलं. टेकलं म्हणतोय, कारण मुलगी खाली स्टूल धरून उभी होती आणि बापाने कळवळणं बरं दिसलं नसतं.

‘‘बाबा, हे टाकून द्यायचं का?’’

‘‘हात लावू नकोस,’’ मी जरा जोरातच म्हणालो.

पाच वर्षांपूर्वीचं लाकूड होतं ते. पावसाळ्यात मोडून पडलेली धामणीची फांदी मी धनुष्य करायला पाचरी ठोकून उभी फाडली होती, तिचं हे एक फाळकं. तडे जाऊ नयेत म्हणून दोन्ही टोकांना फासलेला निळा ऑइल पेंट अजून तसाच. उभं केलं तर माझ्या नाकाला लागेल एवढं लांब. एका टोकाकडून निघून ते डावीकडे कलतं, मग काहीतरी आठवल्यासारखं उजवीकडे वळतं, वाटेत एका गाठीला वळसा घालतं आणि शेवटच्या वीतभरात स्वतःभोवती थोडं पिळतं. धामण हे झाडाचं नाव आणि सापाचंही. का ते मला कुणी सांगितलेलं नाही, पण हे लाकूड जमिनीवर ठेवलं की विचारावंसं वाटत नाही.

धनुष्याला धामण चांगली, हे जुन्यांना ठाऊक होतं. संस्कृतात तिला धन्वन म्हणतात, धनुर्वृक्षही म्हणतात. कुऱ्हाडीचा दांडा, कावडीची काठी, जिथे म्हणून लाकडाने झटका सोसून पुन्हा जागेवर यायचं असतं तिथे धामण. फक्त ती सरळ मिळाली पाहिजे. मला मिळाली ती अशी.

इथे माझा एक दोष सांगायला हवा. मला वाकडं बघवत नाही. लोकांच्या घरी गेलो की बोलता बोलता उठून भिंतीवरची तसबीर सरळ करतो. दाराबाहेरच्या चपला जोडीने लावतो, त्यातल्या माझ्या नसल्या तरी. वर्तमानपत्राची घडी कुणी कडेला कड न जुळवता घातली की माझं वाचनात लक्ष लागत नाही. अशा माणसाने पाच वर्षांपूर्वी फांदीच्या दोन फाळक्यांपैकी पहिलं हातात घेतल्यावर काय केलं असेल? सुतळीला खडू लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ मारली आणि करवतीने रेघेबाहेरचं सगळं काढून टाकलं. काय देखणी पट्टी निघाली! फूटपट्टी लाजावी अशी. दोरी चढवली, ओढली, आणि जिथे करवतीने लाकडाची शीर आडवी कापली होती नेमक्या तिथे ती फाटली. मोडलीसुद्धा नाही धड. केळीचं सोपट निघावं तशी सोलून निघाली.

दुसरं फाळकं त्याच संध्याकाळी माळ्यावर गेलं. शिक्षा त्याला झाली.

खरं तर हा धडा मला नववं वर्ष सरायच्या आत मिळाला होता. सुट्टीत आम्ही सगळी चुलत-मावस भावंडं एकत्र जमायचो आणि तिरकमठ्यांचं पेव फुटायचं. कळकाची कामटी, सुतळीची दोरी, बाण म्हणून खराट्याचे हीर आणि हिराच्या टोकाला वजन यावं म्हणून डांबराची गोळी. आजीचा खराटा रोज सकाळी थोडा हडकुळा झालेला असायचा. ती रोज तो उलटसुलट करून बघायची, कुणालाच काही बोलायची नाही, आणि तेच जास्त लागायचं.

दादाचा कमठा आमच्यात सगळ्यात ओबडधोबड. पेरांचे उंचवटे तसेच, वरची हिरवी साल तशीच, एका ठिकाणी मुंग्यांनी खाल्ल्याचे डाग. त्याचा बाण विहिरीच्या पलीकडे जायचा. मी ठरवलं की माझा कमठा पलीकडे तर जाईलच, पण दिसेलही छान. एक अख्खी दुपार विळीवर बसून मी कामटीची हिरवी साल खरवडून काढली. पेरं घासून घासून सपाट केली. कामटी आतून पिवळट, गुळगुळीत, हाताला मऊ लागायला लागली. सुतळी बांधली, सगळ्यांना अंगणात बोलावलं, हीर लावला, ओढला. आवाज आला तो टाळी वाजवावी तसा. कामटीचं एक टोक माझ्या गालावर बसलं होतं आणि दुसरं सुतळीला लोंबकळत होतं. पेराच्या पांढऱ्या धाग्यांचा झुपका तेवढा वर उभा.

दादाने तुकडा उचलला, उलटा करून बघितला. ‘‘साल काढलीस?’’

‘‘घाण होती.’’

‘‘मग मोडणारच,’’ म्हणाला आणि खेळायला गेला. दादाने आयुष्यात कुठल्याच गोष्टीवर याहून लांब भाष्य केलेलं मला आठवत नाही.

त्या दोन शब्दांचा अर्थ समजायला मला तीस वर्षं आणि एक फाळकं लागलं. धनुष्याला पाठ असते आणि पोट असतं. लक्ष्याकडे असते ती पाठ, आपल्याकडे असतं ते पोट. ओढलं की पाठ ताणली जाते, पोट दाबलं जातं. पाठीवरचा एक धागा मधेच कापलेला असला की फाटायला तिथून सुरुवात होते. बांबूचे चिवट धागे दाटीने असतात ते सालीलगत, आणि मी विळीवर बसून नेमके तेच खरवडले होते. म्हणून पाठीला हात लावायचा नाही. काय तासायचं ते पोटाकडून. डेन्मार्कमध्ये होल्मेगार्ड नावाच्या दलदलीत 1944 साली एल्मच्या लाकडाची धनुष्यं सापडली, सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीची. त्यांची पाठ म्हणजे साल सोलल्यावर झाडाचा जो पृष्ठभाग उघडा पडतो तोच, बाकी सगळं काम पोटाच्या बाजूने. नऊ हजार वर्षांपूर्वी दलदलीच्या काठी कुणीतरी एक दादा होताच.

पाहुणे येऊन गेले. गादी परत माळ्यावर गेली, लाकूड खालीच राहिलं. सुट्टीच्या दिवशी दुपारी मी ते घेऊन बसायला लागलो. या वेळी सुतळी नाही, खडू नाही. साल हळूहळू सोलली आणि खालच्या लाकडावर शिरा जशा वाहत होत्या तशी पेन्सिल फिरवली. पेन्सिल डावीकडे गेली तर जाऊ दिली. गाठीपाशी शिरा दोन्ही बाजूंनी फाकतात, ओढ्याच्या पाण्यात दगड असावा तशा, आणि पुढे पुन्हा एकत्र येतात. तिथे आपणही फाकायचं. गाठीच्या दोन्ही अंगांना थोडं लाकूड जास्तीचं ठेवायचं. ते बेंगरूळ दिसतं. चार वेळा मी कानस उचलली आणि चार वेळा खाली ठेवली.

कडेकडेने नागमोडी असलं तरी चालतं, इतकंच बघायचं की टोकाला टोक जोडणारी दोरी मुठीवरून जाते आहे. माझी जात नव्हती. ती बोटभर बाहेरून, परक्यासारखी जायची. तेव्हा पिळलेलं टोक वाफेवर धरलं. इंचभर जाडीला तासभर वाफ असा साधारण हिशोब असतो. मी मोठ्या पातेल्याच्या झाकणाला कापडाच्या चिंध्या गुंडाळून लाकडाचं टोक आत सरकवलं आणि शेजारी पहारा देत बसलो. तासाभराने बायको दारात येऊन म्हणाली, ‘‘याची किती शिट्ट्यांनी होते?’’

मग खरवडणं. यासाठी काचेच्या तुकड्यासारखं हत्यार नाही, फक्त त्याच्या एका कडेला चिकटपट्टी लावून घ्यावी. तुकडा किंचित तिरका धरून ओढला की लाकडाचे इतके पातळ सुरळे निघतात की फुंकर मारली तर उडावेत. निघतंय ते काहीच नाही असं वाटतं आणि घात तिथेच होतो. रुंदी निम्मी केली तर ताठपणा निम्म्यावर येतो, पण जाडी निम्मी केली तर तो आठव्या हिश्शावर. जाडीतला दहावा हिस्सा गेला की चौथ्या हिश्शाहून जास्त जोर गेलेला असतो. म्हणून चार सुरळे काढायचे, धनुष्य भिंतीतल्या खुंटीवर आडवं टेकवायचं, दोरी वीसपंचवीस वेळा हलकेच ओढायची आणि लांब उभं राहून बघायचं. कुठली भुजा, म्हणजे मुठीच्या वरची किंवा खालची बाजू, ताठ राहते? कुठे एकाच जागी घडी पडल्यासारखी वाकते? ताठ दिसेल तिथे पुन्हा काच. घडी पडते त्या जागेला मात्र हातही लावायचा नाही. तिथलं लाकूड परत येत नसतं.

हे बघणं फार अवघड आहे. सरळ लाकूड वाकलं की कमानीचा दोष लगेच डोळ्यात भरतो. जे मुळातच वाकडं आहे ते नीट वाकतंय की नाही, हे कशावरून ओळखायचं? एका दुपारी मी मुलीला भिंतीपाशी दोरी ओढायला सांगितली आणि डोळे किलकिले करून इतका वेळ उभा राहिलो की ती म्हणाली, ‘‘बाबा, हात दुखतोय, आणि ते लाकूड तुमच्याकडे बघून हसतंय.’’

‘मोडेन पण वाकणार नाही’ हे आपल्याकडे कौतुकाने सांगतात. अशा लाकडाची सुतारकामात वेगळी रास असते, ती चुलीकडे जाते. आणि अवघड काम अंगावर घेतलं की आपण शिवधनुष्य पेललं म्हणतो. ते पुढे मोडलं, हे कुणी काढत नाही. रामाच्या बळाविषयी मला शंका नाही, पण वर्षानुवर्षं पेटीत पडून राहिलेलं धनुष्य एकदम पूर्ण ओढलं, हे वाचताना अलीकडे माझ्या पोटात गोळा येतो. आधी थोडं थोडं ओढून बघायला हवं होतं. धनुष्य करणाऱ्यांत तर म्हणच आहे की पूर्ण ओढलेलं धनुष्य दहातले नऊ हिस्से मोडलेलंच असतं.

माझं आता चोवीस इंचांपर्यंत ओढलं जातं. अठ्ठावीसपर्यंत न्यायचं आहे. वरची भुजा अजून किंचित ताठ आहे, गाठ फुगलेली दिसते, आणि समोरून पाहिलं तर सगळा प्रकार गवतातून निघालेल्या धामणीसारखा आहे. पण दोरी मुठीवरून जाते. परवा मुलीने ते हातात घेतलं, जरा ओढलं आणि विचारलं, ‘‘पण याने मारायचं काय?’’

मला उत्तर सुचलं नाही. इतके महिने मी या लाकडाचे लाड करत होतो, आणि ते कशासाठी असतं हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

1991 साली आल्प्सच्या बर्फात एका माणसाचं शरीर सापडलं, सुमारे 5300 वर्षांपूर्वीचं. त्याला ओत्झी म्हणतात. त्याच्याजवळ एक धनुष्य होतं, यू या झाडाच्या लाकडाचं, जवळजवळ सहा फूट लांब. त्यावर कुऱ्हाडीने तासल्याचे घाव तसेच आहेत आणि दोरी कधी चढलेलीच नाही. भात्यात चौदा बाण, त्यातले बारा अर्धवट. म्हणजे डोंगर चढतानाही गड्याचं काम चालूच होतं. सापडल्यानंतर दहा वर्षांनी, 2001 मध्ये, त्याच्या डाव्या खांद्यात गारगोटीचं एक बाणाचं टोक रुतलेलं दिसलं. मागून मारलेलं.

त्याचं तासायचं राहिलं होतं. कुणाचं तरी तयार होतं.

मी मुलीच्या हातातून धनुष्य घेतलं आणि दोरी उतरवून ठेवली. अजून चार इंच राहिलेत. बघू.