तुम्ही विचारलंत म्हणून: गोवा सोडून पामिए कशाला?

घरचं लग्न असो, बारसं असो, नाहीतर माझं एखादं व्याख्यान असो, प्रश्न ठरलेला. “गोव्यात आपल्या लोकांवर काय काय गुदरलं ते सोडून तू फ्रान्समधलं इन्क्विझिशन कशाला घेऊन बसलीस?” विचारणारे बहुतेक घरचेच असतात. पोर्तुगीज राजवटीत आमची शांतादुर्गा देवी केळशीहून जुवारी नदीपलीकडे कवळ्याला का न्यावी लागली, हे तुमच्याइतकंच मलाही लहानपणापासून ठाऊक आहे. ते मला पुन्हा सांगू नका. मी काही विसरलेले नाही, आणि माझ्या अभ्यासाला पळवाट म्हणाल तर मला राग येतो.

आजवर “विषय मिळाला, घेतला” असं म्हणून मी वेळ मारून नेली. ते खरं नव्हतं. आता एकदाच नीट सांगते.

गोव्याचं इन्क्विझिशन, म्हणजे चर्चच्या शिकवणीविरुद्ध जाणाऱ्यांची चौकशी करणारं न्यायालय, १५६० मध्ये सुरू झालं, १७७४ मध्ये बंद झालं, १७७८ मध्ये पुन्हा उघडलं आणि १८१२ मध्ये कायमचं मिटलं. खटल्यांचे बहुतेक सगळे कागद पुढे नष्ट करण्यात आले. १६२३ मध्ये तयार केलेली एक सूची लिस्बनला आहे, त्यात आरोपींची नावं आहेत, आरोप आहेत. पत्रव्यवहार आहे, फर्मानं आहेत, परदेशी प्रवाशांनी लिहून ठेवलेलं आहे. पण घरात जुनं काही पाळलं म्हणून धरून आणलेली बाई प्रश्नाला काय म्हणाली, कुठे अडखळली, कुठे उलट बोलली, ते गेलं. मला नावं वाचायची नव्हती. मला ती बाई ऐकायची होती, आणि ती इथे ऐकू येत नाही.

पामिएला येते.

पामिए हे पिरेनीज पर्वताच्या पायथ्याचं गाव. तिथे १२९५ मध्ये नवा बिशप बसवला गेला आणि १३१७ मध्ये त्या गादीवर झाक फुर्निए आला. जवळच्याच साव्हेर्दँचा, सिस्टर्शियन पंथाचा साधू. लोकांची ऑक्सितान बोली त्याची स्वतःची बोली होती. १३१८ ते १३२५ या काळात त्याने आपल्या मुलखातल्या पाखंडाची चौकशी केली. ९८ प्रकरणं, ५७८ जबान्या. माणूस आपल्या बोलीत बोलायचा, नोटरी टिपणं काढायचा, त्यावरून लॅटिनमध्ये मसुदा व्हायचा, तो परत बोलीत समजावून आरोपीला वाचून दाखवायचे, आणि मग चर्मपत्रावर स्वच्छ प्रत. हाच फुर्निए १३३४ मध्ये बारावा बेनेडिक्ट या नावाने पोप झाला. म्हणून ती प्रत पोपच्या ग्रंथालयात गेली आणि आज व्हॅटिकनमध्ये आहे.

त्या नोंदींत ऑर्नोलाकची गियमेत बेने भेटते. आत्मा म्हणजे नुसतं रक्त, असं ती म्हणाली होती. का, असं विचारल्यावर तिने पाहिलेलं सांगितलं. एक तान्हं मूल मरत होतं, तेव्हा ती त्याच्या तोंडाकडे लक्ष ठेवून होती, काय बाहेर पडतं ते बघायला. वाऱ्याशिवाय काही बाहेर पडलं नाही. बेआत्रिस द प्लानिसोल भेटते, माँतायूच्या गढीवाल्याची विधवा. तिच्या सामानात दोन नातवांच्या नाळा सापडल्या. जवळ नाळ असली की कोर्टकज्जा हरत नाही, असं तिला बाप्तिस्मा घेतलेल्या एका यहुदी बाईने सांगितलं होतं. मेंढपाळ भेटतात, थंडीत कॅटलोनियाकडे उतरणारे, उन्हाळ्यात परत चढणारे. चीज, भाडं, लग्न, मोक्ष, सगळं एका दमात बोलणारे.

तेव्हा “अंधारयुगातली भोळी धर्मवेडी माणसं” हे माझ्यासमोर तरी बोलू नका. ती माणसं सतत वाद घालत होती. मरणाऱ्या मुलाच्या तोंडाशी बसून तपासून बघणारी बाई भोळी कशी?

आणि धर्म एकीकडे, राज्य एकीकडे, असंही तिथे काही नव्हतं. फुर्निएने कोकरांवरचा दशमांश, म्हणजे चर्चचा दहावा हिस्सा, कडकपणे वसूल करायला घेतला. डोंगरातल्या लोकांनी विरोध केला. दशमांश देऊ नये असं चारचौघांत बोलणं हेही पाखंडाच्या चौकशीत यायला लागलं. करवसुली आणि श्रद्धा यांची एकच चावडी. देहान्त द्यायची वेळ आली की चर्च स्वतः जाळत नसे. दोषी माणूस ऐहिक सत्तेच्या ताब्यात दिला जाई आणि पुढचं काम सरकारी माणसं करत. रेमाँ द ला कोत या, चर्चने पाखंडी ठरवलेल्या वाल्डेन्सियन पंथातल्या माणसाने शपथ घ्यायला नकार दिला. शपथ घेणंच पाप आहे असं तो मानत होता आणि शेवटपर्यंत त्यावरून हलला नाही. १ मे १३२० रोजी त्याला आणि आन्येस नावाच्या म्हाताऱ्या बाईला जाळलं.

फुर्निएच्या काळात जाळलेले एकूण पाच. हा आकडा मी पूर्वी मोठ्या उत्साहाने सांगत असे: फक्त पाच, आणि छळ जवळजवळ नाहीच. आता सांगताना “फक्त” हा शब्द तोंडातून निघत नाही. १३२१ मध्ये, विहिरींत विष कालवल्याच्या अफवेवरून कुष्ठरोग्यांची धरपकड झाली तेव्हा, पामिएच्या कुष्ठाश्रमाचा प्रमुख गिलेम आगासा याचा छळ झाला आणि त्याने न घडलेला कट कबूल केला. तीही जबानी याच नोंदवहीत आहे. पण मग छळ सर्रास होता असं म्हणू? तेही खोटं होईल. मला दोन्ही बाजूंनी ओढू नका.

आता खरं कारण. त्याचं नाव बारूख.

१३२० च्या उन्हाळ्यात दक्षिण फ्रान्समध्ये ‘मेंढपाळ’ म्हणवणाऱ्यांचा जमाव फिरत होता. धर्मयुद्धाला निघालोय म्हणणारे गरीब लोक, तरुण पोरं. यरुशलेम दूर होतं, यहुद्यांच्या वस्त्या जवळ होत्या. पोपने त्यांचा निषेध केला होता, राजाच्या अधिकाऱ्यांना ते आवरत नव्हते, आणि गावोगावचे लोक त्यांना सामील होत होते. तुलूझमध्ये जमाव शिरला तेव्हा बारूख आपल्या खोलीत वाचत-लिहीत बसला होता. मूळचा जर्मनीकडचा, शिकलेला यहुदी. दार फुटलं आणि बाप्तिस्मा घे नाहीतर मर, असं ओरडत माणसं आत आली. इतर यहुद्यांना मारलं जात होतं, ते त्याला दिसत होतं. मरण्यापेक्षा बाप्तिस्मा बरा, असं तो म्हणाला. त्याला सेंत एत्येन कॅथेड्रलकडे नेलं. नकार देणाऱ्यांची प्रेतं त्याने वाटेवर पाहिली. ओळखीचा एक डॉमिनिकन साधू होता, तोही जर्मन. तो आला तर कदाचित सोडवेल, या आशेने बारूखने वेळ काढायचा प्रयत्न केला. उपयोग झाला नाही. त्याच्यावर पाणी घातलं आणि योहान असं नाव ठेवलं.

पुढे तो पामिएला आला आणि यहुदी म्हणूनच राहू लागला. म्हणून त्याला पकडलं. आरोप काय, तर ख्रिस्ती होऊन पुन्हा यहुदी धर्माकडे वळला. धर्म सोडून परत आलेल्याला यहुदी लोक कसं शुद्ध करून घेतात, असं बिशपने विचारलं. नखं कापतात, डोकं भादरतात, वाहत्या पाण्यात अंघोळ घालतात, असं बारूखने सांगितलं. पण आपल्याला हे काही करावं लागलं नाही, कारण जबरदस्तीचा बाप्तिस्मा आमच्या कायद्यात बाप्तिस्माच नव्हे.

ही जुलै १३२० मधली जबानी. त्यातला एक प्रश्न मी वाचला आणि त्या दिवशी पुढे वाचू शकले नाही. फुर्निएने विचारलं: बाप्तिस्मा चालू असताना तू विरोध केलास का?

नाही केला. केला असता तर मारलं असतं.

बस. तेवढं पुरलं. कारण नियम तयार होता. ६३३ मध्ये तोलेदोच्या चौथ्या धर्मसभेने ठरवलं होतं की यहुद्यांना बळाने ख्रिस्ती करू नये, पण ज्यांना आधीच केलंय त्यांनी ख्रिस्तीच राहावं. १२०१ मध्ये तिसऱ्या इनोसंट पोपने एका पत्रात याची फोड केली. जो माणूस शेवटपर्यंत नाही नाही म्हणत होता, त्याच्यावर घातलेलं पाणी व्यर्थ. पण भीतीने, मार चुकवायला का होईना, ज्याने मान डोलावली, त्याने अटीवर का होईना संमती दिली. तो बांधला गेला. १२९८ मध्ये आठव्या बोनिफेसच्या कायदेसंग्रहात यहुद्यांच्या जबरी बाप्तिस्म्याबद्दलचा तोच विचार आला. म्हणजे बारूखला सुटायचं असतं तर मरावं लागलं असतं. जगला, म्हणून त्याची संमती.

मग बिशप आणि बारूख यांचा वाद सुरू झाला. मला बळाने मानायला लावू नका, धर्मशास्त्र आणि संदेष्टे यांच्या आधारे पटवून द्या, असं बारूख म्हणाला. आणि फुर्निए खरोखर बसला. मध्ये दुभाष्या. कित्येक आठवडे: देव एक की तीन, मसीहा आला की यायचाय. नोंदवही सांगते की बारूखने एकेक मुद्दा अडवला, उलट वचनं काढली, आणि अखेरीस पटलं असं म्हणाला. शपथेवर यहुदी धर्म सोडला.

त्याला पटलं होतं का? मी म्हणते, नाही. पटलं नाही तर पाखंडी ठरणार, अशा वादाला मी वाद म्हणत नाही. माझी एक सहकारी यावर चिडते. “इतके आठवडे त्या माणसाने बिशपला पुरून उरेल असा वाद घातला आणि शेवटचं एकच वाक्य तू त्याच्या तोंडून काढून घेतेस? त्याच्या बुद्धीवर तुझा तेवढाही विश्वास नाही?” यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. तरी मी माझं म्हणणं सोडत नाही.

फुर्निएबद्दलही तसंच. पूर्वी मी लिहीत असे की या बिशपाने नकळत आपल्याला सामान्य माणसांचा आवाज दिला, एवढं त्याचं ऋण मानावं. तेव्हाची मी आणि आत्ताची मी यांचं यावरून अजून भांडण चालू आहे. ती म्हणते, तो ऐकत होता. इतक्या बारकाईने शेतकऱ्याचं बोलणं कोण ऐकत होतं त्या काळात? मी म्हणते, तो पकडायला ऐकत होता. ती म्हणते, तरी तुला वाचायला मिळालंच ना, आणि तुझी रोजीरोटी त्याच्यावर चालते. हे खरं आहे, आणि मला ते बोचतं. पण म्हणून वाचणं सोडू? मग गियमेतला कोण ऐकणार?

तर गोवा. तुम्हाला वाटतं पामिए आणि गोवा हे दोन वेगळे विषय आहेत. १४९७ मध्ये पोर्तुगालच्या राजाने आपल्या राज्यातल्या यहुद्यांना सक्तीने ख्रिस्ती केलं. त्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना ‘नवख्रिस्ती’ म्हणत. पोर्तुगालचं इन्क्विझिशन १५३६ मध्ये उभं राहिलं ते मुख्यतः त्यांच्यासाठी. गोव्यातही सुरुवातीचा रोख त्यांच्यावर होता, इथले धर्मांतरित पुढे मोठ्या संख्येने त्यात ओढले गेले. आणि या सगळ्यामागे तत्त्व तेच होतं: बाप्तिस्मा एकदा झाला की झाला, कसा झाला ते विचारू नये, आणि मग मागे वळून पाहणारा गुन्हेगार. गोव्यातल्या सासष्टीतली ती बाई कुठल्या कायद्याने धरली गेली, हे मला बारूखच्या जबानीत कळलं. तिचा जबाब जळाला, त्याचा राहिला. मी त्याच्या जबाबाला कान लावून बसते ते तिच्यासाठीही.

“म्हणजे सगळे तसलेच,” असं परवा एक काका म्हणाले. नाही, काका. पोपने त्या जमावाचा निषेधच केला होता. जबरदस्तीने बाप्तिस्मा देऊ नये हे चर्चचंच वचन, शतकानुशतकं लिहिलेलं. ते वचन आणि त्याला पाडलेलं भगदाड, दोन्ही एकाच कागदावर आहेत. मला कळून घ्यायचंय ते हे, की भल्या बुद्धीची, नियमाने चालणारी, लाच न खाणारी माणसं तिथपर्यंत कशी पोचतात. “सगळे तसलेच” म्हटलं की तो प्रश्नच बंद होतो, आणि तुम्हाला तो बंद झालेला हवा असतो असं मला वाटतं.

त्यामुळे पुढच्या लग्नात पंगतीत गोव्याचं विचाराल, तर मी सुरुवात १२०१ च्या पत्रापासून करीन. लांबेल. तुम्ही विचारलंय, तेव्हा शेवटपर्यंत बसा.