पठारे की पाथरे

शनिवार, रात्री

आज बाप्तिस्म्याचं रजिस्टर पुन्हा पाहिलं. पाळकसाहेबांनी स्वतः कपाटातून काढून दिलं. म्हणाले, "पानं जपून उलटा, कडा झडतायत."

पणजोबांची नोंद 1878 ची. मोठा दुष्काळ नुकताच सरत होता, गावंच्या गावं उठून शहराकडे आली होती. बापाचं नाव आहे, पण आडनावाच्या रकान्यात नुसती आडवी रेघ. आईच्या नावावर ओल उतरलेली, शेवटचं 'बाई' तेवढं वाचता येतं. आणि राहण्याच्या ठिकाणापुढे, इंग्रजी अक्षरांत, आम्ही आज आडनाव म्हणून लावतो तो शब्द.

किती तरी वेळ मी त्या रकान्यावर बोट ठेवून बसले होते. इंग्रजीत ठ आणि थ एकसारखेच लिहितात. ती अक्षरं पठारे अशी वाचता येतात, तशीच पाथरे अशीही. सिन्नरहून शिर्डीकडे जाताना पाथरे लागतं, आजवर किती वेळा तिथून गेलेय! पणजोबांच्या लग्नाच्या नोंदीत तोच शब्द आडनावाच्या रकान्यात सरकलाय. पुढे आजोबांच्या शाळेत मास्तरांनी तो देवनागरीत 'पठारे' केला असणार. मधल्या अकरा वर्षांची पानं वाळवीनं खाल्लीत, त्यामुळे खात्री देता येत नाही. पण मला आता दुसरं काही पटत नाही.

येताना शरणपूर रोडवर जेकब वेनराइट आठवला. गुलामांच्या जहाजावरून सोडवलेला आफ्रिकी मुलगा, शरणपूरच्या मिशनमध्ये शिकला. 1874 साली आफ्रिकेत फिरलेल्या लिव्हिंग्स्टन या शोधप्रवाशाचं शव घेऊन इंग्लंडला गेला. वेनराइट हे नाव त्याच्या याओ जमातीच्या आईबापांचं नक्कीच नव्हतं. आम्हाला निदान गावाचं तरी मिळालं.

आत्याला फोन केला. म्हटलं, पंचवटीत तीर्थोपाध्यायांकडे गावागावांच्या नामावळ्या असतात, पाथऱ्याची वही बघून येते. ती जरा वेळ गप्पच. मग म्हणाली, "अगं, 1930 साली आपल्या भाऊबंदांना काळारामाच्या दारात सत्याग्रह करावा लागला. त्यांच्या आज्यापणज्यांची नावं रामकुंडावर कोण लिहून ठेवणार?"

मला हे सुचलं कसं नाही? इतके महिने कागद चाळतेय, आणि कोणत्या वहीत आम्हाला जागा होती हे एकदाही स्वतःला विचारलं नाही.

कोतवाल बुकात मात्र जन्ममृत्यू साऱ्या गावाचे असत. सोमवारी सिन्नरला तहसीलमध्ये नकलांसाठी अर्ज देते. पणजोबांचं कुणी पाथऱ्यात मागे राहिलं असेल तर त्यात सापडेल. नोंदी मोडीत असतात, वाचणारं कुणी सोबत हवं.

फोन ठेवताना आत्या म्हणाली, "आडनाव नाही सापडलं तरी चालेल गं. त्या बाईचं नाव तेवढं बघ."