नातीची उंच खुर्ची

आज खुर्चीची चौकट उभी राहिली! एकही खिळा नाही, स्क्रू नाही; नुसतं कुसू आणि खाच, म्हणजे एका लाकडाचं कोरून काढलेलं टोक दुसऱ्यातल्या खाचेत घट्ट बसवायचं. लाकूड जुनं सागवान, जुन्या नाशकातल्या एका वाड्याच्या तुळईचं. कुसू जाडीच्या एक तृतीयांश ठेवलं, म्हणजे खाचेच्या दोन्ही बाजू मजबूत राहतात. पटाशीने कोरायला वेळ लागतो, पण लागू द्यावा. शेवटचा सांधा लाकडी मोगरीने ठोकून बसला तेव्हा इतका आनंद झाला की सगळ्यांना हाका मारल्या.

पावसाळ्यात लाकूड रेषांच्या आडवं फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. म्हणून बसायची फळी न चिकटवता खोबणीत मोकळी ठेवलीय. पाय खाली फाकवलेत, पोर झुकली तरी खुर्ची कलंडू नये. सांधे कितीही पक्के असोत, पोरीच्या पायांमधून जाणारा पट्टा हवाच. तो उद्या मेन रोडवरून आणतो.