उकळीने कोण मरतं आणि कोण मरत नाही

‘रात्रभर बाहेर राहिलं का? मग एक सणसणीत उकळी आण आणि खा.’ हा सल्ला अर्धा खरा आहे, आणि त्यामुळेच तो लोकांना पोटदुखीसकट महागात पडतो. उकळीने जिवंत जीवाणू मरतात, हे बरोबर. पण मरण्याआधी त्यांनी अन्नात काय सोडून ठेवलंय, त्याचं काय?

स्टॅफिलोकॉकस ऑरियस घ्या. हा आपल्यापैकी कित्येकांच्या नाकात आणि कातडीवर बिनबोभाट राहतो, बोटावरच्या पिकलेल्या जखमेत तर भरपूर असतो. शिजवून झाल्यावर हाताने कालवलेलं, कुस्करलेलं, चिरलेलं अन्न काही तास कोमट राहिलं की तो त्यात वाढतो आणि विष तयार करतो. नंतर अर्धा तास उकळलं तर जीवाणू संपतात, विष शाबूत राहतं. बॅसिलस सेरियसचं उलटी आणणारं विष याच्याही वरचढ: १२१ अंश सेल्सिअसला ९० मिनिटं ठेवलं तरी ते टिकतं. पूर्ण दाबाला आलेल्या प्रेशर कुकरचं तापमान साधारण तेवढंच असतं, त्यामुळे कुकरच्या शिट्ट्यांवरही भिस्त ठेवू नका. वासाने, चवीने यातलं काहीच कळत नाही. वास मारतो तो नासवणाऱ्या जीवाणूंमुळे, आणि आजारी पाडणारे बहुतेक वेळा वेगळेच असतात.

दुसरी भानगड बीजाणूंची. बॅसिलस सेरियस आणि क्लॉस्ट्रिडियम पर्फ्रिंजेन्स अडचणीच्या काळात स्वतःभोवती जाड कवच करून सुप्त अवस्थेत जातात. हे बीजाणू मातीत, धान्यावर, मसाल्यांत, मांसावर असतातच, आणि नेहमीच्या शिजवण्याने मरत नाहीत. उलट उष्णतेचा चटका ही त्यांना जागं होण्याची खूण असते. त्यात उकळीने अन्नातला ऑक्सिजन बराचसा निघून गेलेला असतो (पर्फ्रिंजेन्सला तो नकोच असतो) आणि स्पर्धा करणारे बाकीचे जीवाणू मेलेले असतात. गॅस बंद केल्यावर पातेलं निवत निवत ४५ अंशांच्या आसपास आलं, की रान मोकळं.

४३ ते ४५ अंशांना पर्फ्रिंजेन्स साधारण १० मिनिटांत दुप्पट होतो. म्हणजे तासाला ६ वेळा दुप्पट, ३ तासांत १८ वेळा. एकाचे २,६२,१४४. सुरुवातीला जागं व्हायला थोडा वेळ जातो आणि प्रत्यक्षात वेग इतका आदर्श नसतो, हे मान्य. तरी ग्रॅममागे १०० पासून सुरुवात झाली तर १० लाखांचा टप्पा गाठायला फार वेळ लागत नाही, आणि आजारी पडायला साधारण तेवढेच पुरतात. हे जिवंत पोटात गेले की आतड्यात पुन्हा बीजाणू बनवतात आणि त्या वेळी तिथेच विष सोडतात.

इथे उकळीच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. पर्फ्रिंजेन्सच्या बाबतीत नीट गरम करणं खरोखर उपयोगी पडतं, कारण वाढलेले जीवाणू उष्णतेने मरतात. नुसतं कोमट केलं तर त्यांची आणखी एक फेरी सुरू होते. पण आपल्या पातेल्यात पर्फ्रिंजेन्स आहे की सेरियस, हे कोण सांगणार?

म्हणून खरी लढाई थंड करण्याची आहे. उपाहारगृहांसाठीचा एक प्रचलित नियम असा: ५७ अंशांवरून २१ वर २ तासांच्या आत, आणि तिथून ५ वर पुढच्या ४ तासांत. खोल पातेल्यात दाट पदार्थ असेल तर हे आपोआप कधीच होत नाही. दाट पदार्थ आतल्या आत फिरत नाही, मधली उष्णता थराथरातून झिरपतच बाहेर येते, आणि थराची जाडी दुप्पट झाली की त्याला लागणारा वेळ जवळपास चौपट होतो. कडेला हात लावला तर गार लागतं. मध्यभागी थर्मामीटर खुपसला तर ४० दाखवतो.

उपाय साधा आहे, फक्त कंटाळा करायचा नाही. पदार्थ पसरट भांड्यांत काढा, थर ५ सेंटीमीटरपेक्षा जाड नको. ही भांडी बर्फाच्या पाण्यात ठेवून दर काही मिनिटांनी ढवळा. वाफ जिरली की फ्रीजमध्ये, एकावर एक न रचता, आणि पूर्ण गार होईपर्यंत झाकण किंचित उघडं. भात ताटात पसरून तासाभरात आत गेलेला बरा. ‘गरम अन्न फ्रीजमध्ये ठेवू नये’ हे अख्ख्या गरम पातेल्यापुरतं खरं आहे, कारण त्याने शेजारचे पदार्थही तापतात. तेवढ्यासाठी अन्न ओट्यावर चार तास ठेवणं मात्र शुद्ध वेडेपणा.

फ्रीजचंही फार कौतुक नको. ५ अंशांखाली बहुतेक जीवाणू थबकतात, लिस्टेरिया मात्र हळूहळू वाढतच राहतो. गर्भवतींना त्याचा धोका मोठा. तयार थंड मांस आणि कच्च्या दुधाचं चीज त्यांनी टाळावं.

साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर आणि ई. कोलाय ओ१५७ यांना बीजाणू नसतात, नीट शिजवलं की ते मरतात. त्यांची वाट वेगळी: कच्च्या मांसावरून हात, सुरी, पाट आणि तिथून कच्च्या सॅलडवर. कॅम्पिलोबॅक्टर तर ३० अंशांखाली वाढतही नाही, पण काहीशे जीवाणूंतही काम भागवतो. म्हणून कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका. धुऊन जीवाणू जात नाहीत, शिंतोड्यांबरोबर ओटाभर पसरतात. ओ१५७ची ओळख १९८२ साली अमेरिकेत हॅम्बर्गरमुळे झालेल्या साथींत पटली, आणि ते साहजिक होतं: अखंड तुकड्यावर जीवाणू बाहेरच असतात, खिमा केला की ते आतपर्यंत मिसळतात. म्हणून खिमा ७१ अंश, कोंबडी ७४, तेही सर्वात जाड भागात मोजून. रंगावर जाऊ नका. थर्मामीटर बरोबर आहे का ते बघायला ग्लासभर बर्फाच्या चुऱ्यात थोडं पाणी घालून त्यात धरा; ० दाखवायला हवा.

आजारी पडल्यावर शेवटच्या जेवणाला दोष देण्याआधी तास मोजा. १ ते ६ तासांत जोरदार उलट्या: स्टॅफ किंवा सेरियस. ८ ते १२ तासांनी कळा आणि जुलाब, ताप नाही: बहुधा पर्फ्रिंजेन्स. ताप येऊन साल्मोनेला १२ ते ७२ तासांत, कॅम्पिलोबॅक्टर २ ते ५ दिवसांत. ओ१५७ बहुधा ३ ते ४ दिवसांनी, त्यात ताप फारसा नसतो.

ओआरएसचं पाकीट नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. शीग भरू नका. साखर जास्त झाली तर ती पाणी आतड्यात ओढून जुलाब वाढवते, मीठ जास्त झालं तर लहान मुलांना थेट धोका. उलटी झाली तर १० मिनिटं थांबा आणि पुन्हा चमच्या-चमच्याने सुरू करा.

शौचात रक्त असेल तर जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या घेऊ नका, घरात उरलेलं अँटिबायोटिकही नको. ओ१५७ असेल तर त्याने मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका वाढू शकतो. हा त्रास बहुधा आजार सुरू झाल्यावर आठवडाभराने, जुलाब कमी होत असतानाच डोकं वर काढतो, आणि पाच वर्षांखालच्या मुलांत जास्त. त्या दिवसांत मुलाची लघवी कमी झाली, चेहरा पांढराफटक दिसू लागला किंवा कारण नसताना अंगावर काळेनिळे डाग उठले, तर सकाळची वाट न बघता रुग्णालयात न्या.